एका गल्लीतले चार कायदे

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, सांडोर-गिरीजपासून आगाशी-अर्नाळ्यापर्यंत, जमिनीचे मोल एका पिढीत पालटले. आजोबांनी ज्या वाडीत केळी, पानवेल आणि सोनचाफा लावला, त्या वाडीचा भाव आज गुंठ्यावर बोलला जातो. पूर्वेकडे नालासोपारा आणि विरारमध्ये मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी आयुष्याची कमाई घालून वन बीएचके घेतले. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि गावाचे शहर होण्याचा वेग आणखी वाढला. घरातली बोलणी मात्र त्या वेगाने बदलली नाहीत. वाटणी अजूनही तोंडी होते, बहिणीची सही गृहीत धरली जाते आणि मृत्युपत्राचा विषय निघाला की ‘जिवंतपणी मरणाचं कशाला बोलायचं’ म्हणून तो मोडून काढला जातो.

गप्प राहिल्याने वाटणी टळत नाही. तुम्ही लिहून ठेवले नाही, तर तुमच्या जागी कायदा वाटणी करतो. तो कायदा तुमचे घर ओळखत नाही. कोणत्या मुलाने आजारपणात रात्री जागून काढल्या, कोणत्या मुलीने नोकरीच्या पगारातून घरकर्जाचे हप्ते भरले, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय वसई-विरारमध्ये तो कायदा सर्वांना सारखाही नाही. या प्रकरणाची सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण वकिलाकडे जाण्याआधी आपण कोणत्या कायद्याखाली येतो हे माहीत नसेल, तर शेजाऱ्याच्या मृत्युपत्राची नक्कल आपल्या घरात भांडण आणू शकते.

तीस लाखांच्या तीन वाटण्या

समजा, तीन शेजारी आहेत: एक वाडवळ, एक सामवेदी ख्रिस्ती आणि एक सोपाऱ्याचा सुन्नी मुसलमान. तिघांच्याही बँक ठेवी तीस लाखांच्या, स्वतःच्या कमाईच्या. तिघांच्याही घरी पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि म्हातारी आई. तिघेही मृत्युपत्र न करता गेले.

वाडवळाला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू. भंडारी, आगरी, कोळी, तसेच बौद्ध आणि जैन कुटुंबेही त्याच कायद्यात येतात. पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघे पहिल्या वर्गाचे वारस, म्हणून प्रत्येकाला साडेसात लाख. आईचा हिस्सा अनेक घरांत कोणाच्या ध्यानीमनीही नसतो, पण तो मुलांच्या हिश्शाइतकाच असतो.

ख्रिस्ती शेजाऱ्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू. पत्नीला एक तृतीयांश, म्हणजे दहा लाख. उरलेले दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी समान, म्हणजे दहा-दहा लाख. मुले असताना आईला काहीच नाही. जिने मुलाला वाढवले, ती सत्तरीत सुनेच्या आणि नातवंडांच्या मर्जीवर राहते. हे मुलाला नको असेल, तर त्याच्यापाशी एकच उपाय आहे, मृत्युपत्र.

सोपाऱ्याच्या शेजाऱ्याला मुस्लिम वैयक्तिक कायदा लागू. पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे पावणेचार लाख. आईला सहावा, म्हणजे पाच लाख. उरलेल्या सव्वाएकवीस लाखांत मुलाचे दोन भाग आणि मुलीचा एक, म्हणजे सुमारे चौदा लाख सतरा हजार आणि सात लाख आठ हजार. या कायद्यात मृत्युपत्रालाही मर्यादा आहे. कर्ज आणि दफनविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते, आणि वारसांपैकीच एखाद्याला त्यातून जास्त द्यायचे असेल तर इतर वारसांची संमती लागते.

चौथा कायदा तालुक्याच्या पूर्वेला, पारोळ-भाताण्याच्या बाजूच्या पाड्यांवर भेटतो. वारली, काटकरी, मल्हार कोळी या अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही. त्यांचा वारसाहक्क रूढीने ठरतो. त्यांची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ने राखलेली आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीच्या नावे जाऊ शकत नाही. ‘म्हाताऱ्याने माझ्या नावे लिहून दिले’ असे सांगत कोणी कागद घेऊन आला, तर त्यावर अंगठा उठवण्याआधी तो कागद वसई न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीला दाखवावा.

यांत आणखी एक प्रकार आहे. वसईत आंतरधर्मीय विवाह नवे नाहीत. असा विवाह विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झाला असेल, तर त्या जोडप्याच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. आई-वडिलांच्या घरचा कायदा मागे राहतो.

वसई पोर्तुगीजांकडे होती म्हणून येथील ख्रिस्ती कुटुंबांना गोव्यासारखा कायदा लागू असेल, असाही समज कधी कधी आढळतो. गोव्यात अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते आणि मृत्युपत्र उरलेल्या अर्ध्यापुरतेच करता येते. त्या व्यवस्थेचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला १७३९ मध्ये घेतला, म्हणजे ती संहिता येण्याआधी १२८ वर्षे. वसईचा ख्रिस्ती माणूस आपल्या सगळ्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र करू शकतो.

आधी आपले काय आहे ते पाहा

जे आपले आहे तेवढेच मृत्युपत्राने देता येते. म्हणून चांगला वकील पहिल्या भेटीत ‘कोणाला काय द्यायचे’ हे विचारण्याआधी कागद मागतो.

वाडीसाठी सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढावेत. आजोबांच्या मृत्यूनंतर वारस नोंद झाली का, आत्यांची नावे लागली का, काकांबरोबर वाटप झाले का, हे त्यातून कळते. हिंदू कुटुंबात जमीन वडिलोपार्जित असेल, तर तिच्यातला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. अशा जमिनीत मुली मुलांच्या बरोबरीच्या मालक आहेत. महाराष्ट्राने ही तरतूद २२ जून १९९४ पासून आणली, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून आणली, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. म्हणून ‘सगळी वाडी थोरल्याला’ असे लिहिलेले मृत्युपत्र मुलीच्या जन्मसिद्ध हिश्शापुरते टिकत नाही.

वसईतल्या अनेक वाड्या कुळ कायद्याने कसणाऱ्यांच्या झाल्या. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कुळे मालक ठरली आणि त्यांना कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. अशा जमिनींच्या हस्तांतरणावर कुळ कायद्याच्या कलम ४३ ची बंधने असतात, तर कलम ६३ शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे जाऊ देत नाही. मृत्युपत्र म्हणजे विक्री नव्हे, मग हे नियम त्याला कसे लागतील, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे चालला. गुजरातेतून आलेल्या एका खटल्यात, तिथे लागू असलेल्या याच १९४८ च्या मुंबई कायद्यावर, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की शेतकरी नसलेल्या परक्या माणसाला मृत्युपत्राने शेतजमीन देणेही या बंधनांत येते. पोटची मुले वारस म्हणून येतात, त्यांची गोष्ट वेगळी. पण सेवा करणाऱ्या शेजाऱ्याला, संस्थेला किंवा लांबच्या नातेवाईकाला वाडी लिहून द्यायची असेल, तर आधी वकिलाचे मत घ्यावे.

वाडीचे वर्णन करताना गट क्रमांक आणि क्षेत्र एवढ्यावर थांबू नये. विहीर सामाईक आहे का? बावखलाचे, म्हणजे वाडीतल्या तळ्याचे, पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यायचे? मागच्या तुकड्यात जायची वाट कोणाच्या हिश्शातून जाते? मुलांना तुकडे नेमून दिले, पण वाट लिहायची राहिली, तर मागचा भाऊ पुढच्या भावाच्या दारात अडतो. एक साधा नकाशा जोडला आणि विहीर, बावखल, वाट यांचे हक्क एका परिच्छेदात लिहिले, तर पुढची कोर्टबाजी वाचते.

फ्लॅटसाठी नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन, सोसायटीचा भागदाखला, घरपट्टीची पावती आणि कर्ज असेल तर बँकेचे पत्र लागते. करारनाम्यावर पती-पत्नी दोघांची नावे असतील, तर प्रत्येकाने फक्त आपल्या भागाचे मृत्युपत्र करायचे. इमारतीला बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का, तेही पाहावे. नालासोपारा पूर्वेच्या अगरवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या. तिथल्या कुटुंबांच्या हाती करार होते, पावत्या होत्या, छप्पर मात्र गेले. ज्या घराचा पायाच कायदेशीर नाही, ते मृत्युपत्राने पक्के होत नाही.

चाळीतल्या खोल्या आणि बैठी घरे कुलमुखत्यारपत्र, साध्या कागदावरचा करार आणि विकणाऱ्याचे मृत्युपत्र अशा जुडग्यावर घेतलेली असतात. अशा कागदांनी स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सुरज लॅम्प खटल्यात दिला. विकणारा हयात असेपर्यंत त्याच्याकडून नोंदणीकृत खरेदीखत करून घ्यावे. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. आखातात किंवा कॅनडात असलेल्या मुलाच्या नावे वडिलांनी दिलेले मुखत्यारपत्र वडिलांच्या पश्चात वापरता येत नाही.

नॉमिनी कोण?

‘नॉमिनी केला आहे, आता मृत्युपत्र कशाला?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतही ऐकू येतो. त्याचे उत्तर एका मराठी कुटुंबाच्या खटल्याने देशाला दिले. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २७ जून २०११ रोजी मृत्युपत्र केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी ते गेले. त्यांच्या काही मुदतठेवी आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनींची नावे होती. ती गुंतवणूक नॉमिनींची, की मृत्युपत्र आणि वारसा कायद्याप्रमाणे वाटायची, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला: कंपनी कायद्याखालच्या नॉमिनेशनने नॉमिनी पूर्ण मालक होत नाही. तो रक्कम हाती घेतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नेमलेल्यांचा राहतो.

हाऊसिंग सोसायटीतही हेच तत्त्व आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४-ब-१३ प्रमाणे सदस्याच्या मृत्यूनंतर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेते. कायमचे सदस्यत्व मृत्युपत्र, वारस दाखला किंवा कुटुंबातल्या लेखी व्यवस्थेच्या आधाराने मिळते.

याचा अर्थ नॉमिनेशन निरुपयोगी आहे असा नाही. त्यामुळे पैसे अडकून पडत नाहीत आणि दवाखान्याचे बिल भरता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. शहाणपण एवढेच की नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी शक्यतो एकच ठेवावा. वेगळे ठेवायचे असतील, तर मृत्युपत्रात स्पष्ट लिहावे की नॉमिनीने ही रक्कम अमुक व्यक्तीला सुपूर्द करायची आहे.

दोन साक्षीदार

मृत्युपत्राला कायद्याने मागितलेल्या गोष्टी थोड्या आहेत. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा. त्याने सही किंवा अंगठा करावा. निदान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहावी किंवा ती आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकावे, आणि त्यांनीही त्याच्यासमोर सही करावी. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. मराठीतले मृत्युपत्र इंग्रजीतल्याइतकेच पक्के असते. मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवण्याचेही बंधन नाही.

साक्षीदार मात्र विचारपूर्वक निवडावेत. मृत्युपत्र पुढे न्यायालयात गेले, तर साक्षीदारांपैकी निदान एकाने उभे राहून ‘मी सही पाहिली’ हे सांगावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हा नियम कायम आहे. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, जवळपास राहणारा आणि लाभ नसलेला असावा. फॅमिली डॉक्टर साक्षीदार झाले तर उत्तम, शुद्धीवर असल्याचा पुरावाही त्यांच्याकडूनच मिळतो.

इथे ख्रिस्ती कुटुंबांनी दोन नियम लक्षात ठेवावेत. ज्याने साक्षीदार म्हणून सही केली, त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला मृत्युपत्राने काही दिले असेल, तर ते देणे रद्द ठरते. मुलाला घर दिले आणि सुनेने साक्षीदार म्हणून सही केली, तर घराचे ते देणे जाते. दुसरा नियम लग्नाचा: लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्न होताच रद्द होते. आखातात जाण्याआधी कोणी आई-वडिलांच्या नावे मृत्युपत्र केले आणि नंतर लग्न केले, तर त्याने नवे करायला हवे. हिंदूंना हे दोन्ही नियम लागू नाहीत. चर्च, शाळा किंवा धर्मादाय संस्थेला मृत्युपत्राने देण्यावर ख्रिस्ती माणसावर पूर्वी जाचक अटी होत्या. त्या घालणारे भारतीय वारसा कायद्याचे कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवले. आता तसे देता येते.

नोंदणी आणि प्रोबेट

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही मी ती करावी असेच सांगेन. वसई तालुक्यात दुय्यम निबंधकांची एकाहून अधिक कार्यालये आहेत. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी १०० रुपये. कार्यालयात फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, त्यामुळे ‘सही त्यांची नाहीच’ हा आरोप दुबळा पडतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अधिकाऱ्याने घरी येण्याची तरतूद नोंदणी कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. मजकूर कोणाला कळू नये असे वाटत असेल, तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. नोंदणी केली म्हणजे हात बांधले गेले असे मात्र नाही. शेवटचे मृत्युपत्र खरे, मग ते साध्या कागदावरचे असले आणि आधीचे नोंदणीकृत असले तरी.

प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन दाखल्याबद्दल, मुंबईच्या नातेवाईकांचा अनुभव वसईला जसाच्या तसा लावू नये. मुंबई शहरातील मालमत्तेच्या किंवा तिथे केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे होते. वसईत केलेल्या आणि वसईतल्याच मालमत्तेच्या मृत्युपत्राला ते नव्हते. भारतीय ख्रिस्ती २००२ पासून त्या सक्तीतून सुटले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय वारसा कायद्यातले सक्तीचे कलम २१३ च काढून टाकले. पण घरात वाद असेल, तर प्रोबेट घेऊन ठेवणे आजही उपयोगाचे आहे.

मृत्युपत्र नसेल तर शेअर आणि ठेवींसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र, तर वारस ठरवण्यासाठी वारस दाखला, असे दोन मार्ग वसई न्यायालयातून जातात. वारस दाखला आजही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो. 

मृत्युपत्रावरून सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, ती मालकी ठरवत नाही. हरकत आली तर मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालयाच करते.

वकिलाकडे एकट्याने जावे

मृत्युपत्रावरचे बरेच वाद एका दृश्यातून जन्मतात. धाकटा मुलगा वडिलांना गाडीत बसवून वकिलाकडे नेतो, तोच मजकूर सांगतो, तोच फी देतो आणि मोठा हिस्साही त्यालाच मिळतो. त्याचा हेतू शुद्ध असेलही. पण १९५८ च्या व्यंकटाचल अय्यंगार खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आले आहे की मृत्युपत्र करवून घेण्यात लाभार्थ्याने पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद बाब ठरते आणि संशय दूर करण्याचा भार त्याच्यावरच पडतो.

म्हणून वकिलाच्या केबिनमध्ये मुलांनी बाहेर बसावे. आई-वडिलांनी एकट्याने बोलावे. वकिलाला हे प्रश्न विचारावेत: मला कोणता वारसा कायदा लागू आहे? माझ्या मालमत्तेतला कोणता भाग मी देऊ शकतो? मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून कोणाला नेमू? तो माझ्या आधी गेला तर? लाभार्थी माझ्या आधी गेला तर त्याचा हिस्सा कुठे जाईल? यादीत न आलेली मालमत्ता कोणाला? या शेवटच्या प्रश्नासाठी ‘माझी उरलेली सर्व मालमत्ता’ असे एक वाक्य लागते. ते नसल्याने एखादी विसरलेली ठेव वारसा कायद्याच्या वाटेने जाते. फी किती आणि त्यात काय काय येते, हे आधीच लेखी घ्यावे.

एखाद्या मुलाला कमी द्यायचे असेल, तर कारण मृत्युपत्रातच लिहावे. ‘मोठ्या मुलाच्या शिक्षणासाठी मी अमुक खर्च केला आहे, म्हणून घर धाकट्या मुलीला देत आहे’ असे एक शांत वाक्य न्यायालयात वजनदार ठरते, आणि त्या मुलालाही वडिलांचा विचार वडिलांच्याच शब्दांत वाचायला मिळतो.

काहीजण जिवंतपणीच बक्षीसपत्र करून मोकळे होतात. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेती पती, पत्नी, मुले किंवा नातवंडांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, म्हणून मोह होतो. पण बक्षीसपत्र त्याच दिवशी मालकी काढून घेते, मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळण्याची अट त्यात लिहावी. ती मोडली, तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते रद्द करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला आहे, तरी अट लिहिलेली असणे केव्हाही चांगले.

बायकांचे वेगळे मृत्युपत्र

घरात मृत्युपत्राचा विषय निघालाच, तर तो वडिलांच्या मृत्युपत्राचा असतो. आईचे मृत्युपत्र कोणी मनात आणत नाही. पण ज्या घरात बाई कमावते, फ्लॅटच्या करारात तिचे नाव आहे, तिचा भविष्यनिर्वाह निधी आहे, त्या घरात तिच्या मृत्युपत्राची गरज नवऱ्याच्या मृत्युपत्राहून अधिक असू शकते.

हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे बाईची स्वतःची कमाई आधी मुलांना आणि नवऱ्याला जाते. ते कोणी नसतील, तर नवऱ्याच्या वारसांना जाते. तिचे आई-वडील त्यांच्या नंतर येतात. एका बाईचा नवरा १९५५ मध्ये लग्नानंतर तीन महिन्यांत सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला बाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, तिने नोकरी केली, पैसे साठवले आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता ती गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची कमाई तिच्या नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली, कारण कायद्याची अक्षरे तसेच सांगत होती. न्यायाधीशांनाही ती अक्षरे ओलांडता आली नाहीत, पण त्या बाईला ती एका कागदाने ओलांडता आली असती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले, त्यामागे असेच अनुभव आहेत.

विरारहून पहाटेची लोकल पकडणारी नर्स, निर्मळच्या बाजारात भाजी विकून मुलींना शिकवणारी वाडीवाली, नवऱ्यामागे एकटीने फ्लॅटचे हप्ते फेडणारी शिक्षिका, या सगळ्यांना मालमत्ता आहे आणि तिचे काय व्हावे याबद्दल मतही आहे. ते मत कागदावर यायला पैसे आड येऊ नयेत, अशी सोय कायद्याने करून ठेवली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. अनुसूचित जाती-जमातींनाही उत्पन्नाची अट नाही. वसई न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर फोनही करता येतो. नवऱ्याचे मृत्युपत्र होत असेल, तर त्याच दिवशी, त्याच वकिलाकडे किंवा शक्य तर वेगळ्या वकिलाकडे, बायकोने स्वतःचे करावे, स्वतंत्र कागदावर, स्वतःच्या मताने आणि स्वतःच्या दोन साक्षीदारांसमोर.